माळ्यावरची फोटोंची ट्रंक: स्कॅनरला हात लावण्याआधी आणि नंतर

ठाण्यात नौपाड्यातली किंवा पाचपाखाडीतली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की महिना-दीड महिन्यात घर रिकामं करायचं असतं. भांड्यांचं, पुस्तकांचं, देव्हाऱ्याचं पटापट ठरतं. मग माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली येते आणि सगळं घर तिच्याभोवती फतकल मारून बसतं. आत पणजोबांचा पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो, काळ्या पानांचे अल्बम, निगेटिव्हचे पुडके, एखाद्या हौशी काकांनी काढलेली आठ मिलिमीटरची दोन-चार रिळं. कुणीतरी भाचा म्हणतो, ‘‘रविवारी बसून सगळं स्कॅन करून टाकू.’’ चाळीस पावसाळ्यांनी केलं नसेल एवढं नुकसान त्या एका रविवारी होतं.

नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या बऱ्याच ट्रंका मी उपसल्यात. चुका सगळीकडे त्याच, आणि जवळपास सगळ्या क्रम चुकल्यामुळे होतात. स्कॅनिंग हा या कामातला सहावा टप्पा आहे. आधीचे पाच गाळले तर हातात दोनशे बिननावाच्या फाइली राहतात आणि मूळ फोटो होते त्याहून वाईट अवस्थेत जातात.

## तयारी: हवा, टेबल, सामान

जून ते सप्टेंबर ट्रंक उघडू नका. पावसाळ्यात ठाण्यात, आणि खाडीकाठच्या वाशी-नेरुळमध्ये तर नक्कीच, हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो फुगतो, चिकट होतो आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा योग्य काळ.

ताबा नेमका जुलैतच सोडायचा असेल तर ट्रंक तशीच बंद न्या. एसीच्या खोलीत ‘ड्राय’ मोडवर एक दिवस ती बंदच राहू द्या, मग उघडा. एसीतून काढलेली थंड निगेटिव्ह लगेच बाहेरच्या दमट हवेत नेली की तिच्यावर दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घेऊन टेबलावर ठेवा. आकडा साठच्या खाली असेल तरच काम सुरू.

टेबलावर धुतलेली पांढरी सुती चादर. मऊ ब्रश, रबरी ब्लोअर, नायट्राइलचे हातमोजे, बहिर्गोल भिंग, २बी पेन्सिल, दातांत फिरवायचा फ्लॉस, आणि आम्लमुक्त कागदाची पाकिटं. टेबलावर नको असलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे: सेलोटेप, रबरबँड, यू-पिना, बॉलपेन, काच पुसायचा स्प्रे, ओला रुमाल, चहा. चहावरून घरात भांडण होतं. होऊ द्या.

## टप्पा १: विस्कटण्याआधी टिपून ठेवा

ट्रंक उघडल्यावर काहीही बाहेर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. मग एकेक थर काढत जा आणि प्रत्येक थराचा फोटो काढत जा. कुठल्या पाकिटात काय होतं, कुठला फोटो कशाशेजारी होता, हीच पुष्कळदा एकमेव माहिती असते. मुंजीच्या अकरा फोटोंत एका बिनओळखीच्या बाईचा फोटो सापडला तर ती त्या मुंजीला आली होती, असा तर्क करता येतो. सगळे फोटो सतरंजीवर पसरून ‘‘हा कोण गं?’’ सुरू झालं की तो तर्क गेला.

अल्बमची पानं अख्खीच्या अख्खी टिपा, कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेल्या मधल्या कागदासकट. काळ्या पानावर पांढऱ्या शाईने आजीने लिहिलेली ओळ फोटोइतकीच मोलाची असते.

## टप्पा २: नाकाने वर्गवारी

आता वास घ्या. खरंच.

व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म आहे आणि ती कुजायला लागली आहे. कुजताना ती ॲसिटिक आम्ल सोडते, आणि त्याच आम्लामुळे कुजण्याचा वेग वाढत जातो. शेजारच्या चांगल्या फिल्मलाही ते लागतं. अशी रिळं आणि निगेटिव्ह ताबडतोब वेगळ्या खोलीत ठेवा आणि स्कॅनिंगच्या रांगेत पहिला नंबर त्यांना द्या. वास घालवायला डांबरगोळ्या टाकणारे लोक मी पाहिलेत. वास झाकला जातो, कुजणं चालूच राहतं.

कुबट वास म्हणजे बुरशी. तो गठ्ठा गॅलरीत नेऊन उघडा आणि तोंडाला मास्क लावा.

सावधान: ३५ मिलिमीटर रुंदीचं सिनेमाचं जुनं रीळ सापडलं, विशेषतः १९५० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं, तर ते नायट्रेटचं, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्लास्टिकचं असू शकतं. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलेलं दिसत नसेल, फिल्म पिवळी-तपकिरी, चिकट झाली असेल किंवा डब्यात तपकिरी भुकटी दिसत असेल, तर डबा बंद करा आणि काम थांबवा. नायट्रेट जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवतं, त्यामुळे पाण्याखालीही विझत नाही. २००३ साली पुण्यात जुन्या नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली होती. तुकडा पेटवून बघण्याचा ‘प्रयोग’ करू नका, कुरिअरने पाठवू नका. थंड, हवेशीर जागी ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला फोन करा. घरगुती ८ आणि १६ मिलिमीटरच्या फिल्मबाबत ही भीती नाही. त्या पहिल्यापासून सेफ्टी फिल्मवरच निघाल्या.

## टप्पा ३: हातात काय आहे ते ओळखा

प्रत्येक प्रकाराची खोड वेगळी असते, म्हणून हा टप्पा.

पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग पिवळट तपकिरी, भिंगातून पाहिलं तर कागदाचे तंतू दिसतात: हा बहुधा अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यावर घेतलेला, एकोणिसाव्या शतकातला. पुठ्ठा साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा असेल तर तो त्या काळचा कॅबिनेट कार्ड. पुठ्ठा ठिसूळ झालेला असतो, वाकवलात तर फोटोसकट तुटेल. ‘सपाट करू या’ हा विचार सोडून द्या.

विसाव्या शतकातले कृष्णधवल फोटो बहुतेक जिलेटिन सिल्व्हरचे. तिरके धरले की काळ्या भागावर निळसर आरशासारखी चमक दिसते. ती घाण नाही, वर आलेली चांदी आहे. पुसू नका, पुसली तर फोटोच पुसला जाईल. गालांवर गुलाबी, साडीवर हिरवा रंग हाताने भरलेला असेल तर त्या फोटोला ब्रशसुद्धा नको, फक्त ब्लोअर.

पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर तो रेझिनचा थर दिलेला कागद, म्हणजे सत्तरच्या दशकातला किंवा त्यानंतरचा. जुने रंगीत प्रिंट लालसर-जांभळे पडतात कारण त्यांतले रंग वेगवेगळ्या गतीने उडतात. भिंतीवर टांगून ठेवले तर आणखी उडतील.

काचेची निगेटिव्ह सापडली तर दोन्ही हातांनी कडांना धरा. एकावर एक रचू नका, लांब कडेवर उभी ठेवा.

निगेटिव्हवर वेळ घालवा, कारण प्रिंट तिच्यावरूनच निघाला. सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकोनी निगेटिव्ह १२० क्रमांकाच्या रोलची. आपल्याकडे घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक थ्रीमधून असे बारा फोटो निघायचे. बहुतेक घरांत प्रिंट जिवापाड जपलेले असतात आणि निगेटिव्ह ‘काळ्या पट्ट्या’ म्हणून रद्दीत जातात. नेमकं उलटं करायला हवं.

तपासा: आता टेबलावर चार ढीग असायला हवेत: प्रिंट, निगेटिव्ह, रिळं, आणि आजारी. चौथ्या ढिगात काहीच नसेल तर पुन्हा एकदा वास घ्या.

## टप्पा ४: धूळ, बुरशी आणि काचेला चिकटलेले फोटो

सर्वांत जास्त फोटो या टप्प्यावर मरतात, म्हणून जरा सविस्तर.

धूळ काढायची ती कोरडीच. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मधून कडेकडे. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब पडतात आणि तिथेच पुढच्या पावसाळ्यात डाग उमटतात. दाबाच्या हवेचा डबाही नको, तो थंड द्रव उडवतो.

बुरशी दिसली की हात पाण्याकडे जातो. तोच आवरायचा. बुरशी जिलेटिनला आतून पोखरते आणि असं पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. निरोगी निगेटिव्हवर पाणी पडलं तर ती वाचते. बुरशी लागलेलीवर ओला कापूस फिरवला तर चेहरा कापसावर येतो. आधी कोरड्या हवेत चार-पाच दिवस ठेवून बुरशी सुकू द्या, मग ब्रशने अलगद झटका. जे उरेल ते उरू द्या. स्कॅनमधला डाग संगणकावर काढता येतो.

काचेला चिकटलेला फोटो हे खास आपल्या घरांतलं दुखणं. पूर्वजांच्या तसबिरीला हार घालायचा, काचेला गंध लावायचं, समोर समई. गंधाचं पाणी ओघळून फ्रेमच्या खालच्या पट्टीत उतरतं, मागे भिंतीची ओल, आणि पाच-दहा वर्षांत फोटो काचेला धरतो. पणजीच्या फोटोची एक कड सुटलेली दिसली म्हणून मी बाकीचा ओढला. तिचा डावा गाल अजून काचेवर आहे. तो तिचा एकुलता एक फोटो होता.

तर: चिकटलेला फोटो ओढायचा नाही, सुरी घालायची नाही, वाफ द्यायची नाही. मागचा पुठ्ठा आणि खिळे काढा, काच बाहेरून पुसा, कापड किंचित ओलं चालेल पण काठापर्यंत नेऊ नका, आणि काचेसकट फोटोचा फोटो घ्या. सोडवायचाच असेल तर ते कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचं काम.

चिकट पानांवर पारदर्शक प्लास्टिक असलेले ऐंशी-नव्वदच्या दशकांतले अल्बम हा दुसरा शत्रू. फोटोच्या कोपऱ्याखालून फ्लॉस घाला आणि करवतीसारखा पुढे-मागे करत न्या. फोटो वाकवायचा नाही, फ्लॉस पानाला टेकवून ठेवायचा. अडला तर थांबा आणि ते पान तसंच स्कॅन करा.

फोटो पाण्यात भिजले असतील तर: २६ जुलै २००५ ला ज्यांची तळमजल्यावरची कपाटं बुडाली त्यांना हे माहीत आहे. ओला गठ्ठा तसाच सुकू दिला तर त्याची वीट होते. सुटे होणारे फोटो सुटे करून, चित्र वर ठेवून, सावलीत पंख्याखाली सुकवा. सुटत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. त्याने बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये नकोत.

## टप्पा ५: क्रमांक, नावं, तारखा

आधी क्रमांक, मग स्कॅन. कागदी पाठीवर २बी पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. प्लास्टिकच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर घाला, तोही फोटो आत ठेवायच्या आधी. बॉलपेनचा ठसा पुढून दिसतो आणि शाई पुढच्या फोटोला लागते.

नावं लिहिताना ‘माई’, ‘अक्का’, ‘मोठी काकू’ चालणार नाही. प्रत्येक घरात एक माई असते, आणि ज्यांना ती कोण ते ठाऊक आहे ते काही वर्षांनी नसतील. पूर्ण नाव लिहा. बायकांचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही. लग्नानंतर पहिलं नावही बदलण्याची पद्धत होती, त्यामुळे एकाच मुलीचे दोन फोटो दोन वेगळ्या बायका म्हणून नोंदले गेलेले मी पाहिलेत. सत्तरीपुढच्या नातेवाइकांकडे ट्रंक नेऊ नका, मोबाइलवर टिपलेले थर दाखवा आणि बोलणं रेकॉर्ड करा. तासाभराच्या वर बसवू नका. थकले की ते कुठलंही नाव सांगतात.

तारीख ठरवायला फोटोच पुरतो, फक्त पाठ आणि पार्श्वभूमी वाचायची सवय हवी. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. तलावपाळीवरच्या फोटोत मागे गडकरी रंगायतन दिसत असेल तर १९७८ च्या आधीचा असू शकत नाही. वाशी स्टेशनात लोकल उभी असेल तर १९९२ किंवा पुढे. फोटोतल्या मुलाचा जन्म कधीचा, आजी सौभाग्यलेण्यांत आहे की नाही, हे पुरावे घरच्यांनाच वाचता येतात. नक्की नसेल तिथे ‘अंदाजे १९५५–६०’ लिहा. ठाम लिहिलेली चुकीची तारीख पुढे कुणी तपासत नाही.

## टप्पा ६: आता स्कॅन

सपाट काचेचा साधा स्कॅनर प्रिंटला पुरतो. पोस्टकार्डाच्या आकाराचा प्रिंट ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचामागे ६०० ठिपके), दोन-अडीच इंची छोटा असेल तर १२०० वर. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ३२०० वर घेतली की साधारण साडेचार हजार बाय तीन हजार पिक्सेल मिळतात, तेवढे पुष्कळ झाले. चौकोनी १२० ला २४०० चालतं. निगेटिव्हसाठी मात्र स्कॅनरच्या झाकणात दिवा हवा, नाहीतर सगळं काळं येतं.

कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्ये घ्या. तपकिरी छटा, डाग, हाताने भरलेला रंग हे सगळं त्यात येतं. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे काही न गाळणाऱ्या फाइलीत ठेवा. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयवर २६ एमबीच्या आसपास जातो, म्हणजे दोनशे फोटो पाच-सहा जीबी. आजच्या हिशोबाने काहीच नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर जेपीईजी पाठवा, पण व्हॉट्सॲपवरून परत आलेली आकसलेली फाइल ‘मूळ’ म्हणून जपू नका. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता बोलत नाही.

स्कॅनरचं आपोआप धूळ काढणं कृष्णधवल निगेटिव्हसाठी बंद ठेवा. ते इन्फ्रारेडवर चालतं आणि चांदीच्या कणांनाच धूळ समजतं. चेहरे ‘उजळवणारी’ ॲप तर मूळ प्रतीजवळ नकोतच, ती नसलेले डोळे काढून देतात.

पाठही स्कॅन करा. प्रत्येकाची. कोरी असली तरी.

निगेटिव्ह ठेवताना निस्तेज बाजू काचेकडे. चकचकीत बाजू काचेला टेकली की पाण्यावरच्या तेलासारखी वलयं येतात. निस्तेज बाजू खाली ठेवल्यावर चित्र उलटं येत असेल तर ते संगणकावर फिरवा.

तपासा: डावं-उजवं बदललं तर नाही ना? पाटी किंवा अक्षर दिसत असेल तर सोपं. नसेल तर पदर बघा, आपल्या बायकांचा तो डाव्या खांद्यावर असतो. पुरुष उघडा असेल तर जानवं डाव्या खांद्यावर. श्राद्धात ते उजवीकडे जातं हे खरं, पण श्राद्धाला फोटोग्राफर कोण बोलावतो?

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो: फोटो सपाट, मोबाइल त्याला समांतर, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. निगेटिव्हसाठी टॅबवर पांढरा स्क्रीन लावा, पण निगेटिव्ह स्क्रीनला टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके चित्रात उतरतात.

## टप्पा ७: रिळं

ट्रंकेत रिळांबरोबर प्रोजेक्टरही निघाला तर मोह होतो. लावू नका. जुनी फिल्म आकसलेली असते, तिची छिद्रं दातेरी चाकात बसत नाहीत, फाटत जातात. आणि मध्ये अडकली तर दिव्याच्या उष्णतेने भोक पडतं.

आधी प्रकार ओळखा. छिद्रं मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असतील तर रेग्युलर आठ. छिद्रं बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असतील, रिळाचं मधलं भोकही मोठं असेल, तर सुपर आठ, म्हणजे १९६५ किंवा नंतरचं. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी उत्पादन-वर्षाची चिन्हं असतात, पण तीच चिन्हं वीस वर्षांनी परत येतात, म्हणून घरच्या पुराव्याशी जुळवूनच वर्ष लिहा.

काम बाहेर द्यावं लागतं. देताना तीन प्रश्न विचारा. चौकटीगणिक स्कॅन करता की भिंतीवर दाखवून त्याचं चित्रण करता? दुसरं उत्तर आलं तर उठा. फिल्म दातेरी चाकांवरून जाते का? आकसलेल्या फिल्मला दाते नसलेलं यंत्र लागतं. तिसरा वेगाचा: रेग्युलर आठ साधारण सेकंदाला १६ चौकटी, सुपर आठ १८. तीच फिल्म २४ च्या वेगाने लावली की लग्नातली सगळी माणसं धावत सुटतात. जुने मूकपट टीव्हीवर असेच तुरुतुरु चालताना दिसतात. ती तेव्हाची चाल नव्हे, वेगाचा घोटाळा आहे. सुपर आठच्या पन्नास फुटी रिळाचं चित्रण १८ च्या वेगाने तीन मिनिटं वीस सेकंद भरायला हवं. अडीच मिनिटांत संपलं तर फाइल परत करा.

रिळ देताना डब्यावरचं लिखाण टिपून घ्या आणि मूळ रिळ परत हवं असं पावतीवर लिहून घ्या. माझं एक रिळ ‘आता पेनड्राइव्हमध्ये आहे ना’ म्हणून टाकून दिलं गेलं होतं.

## टप्पा ८: परत ठेवणं

पीव्हीसीचे पारदर्शक खिसे नकोत, ते घामेजतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा आम्लमुक्त कागद. बटर पेपर दमट हवेत फोटोला चिकटतो. सिलिका जेलच्या पुड्या घालायच्या तर दर दोन-तीन महिन्यांनी बदलायच्या, नाहीतर त्याच ओल धरून बसतात.

लोखंडी कपाट, मधला खण, आतल्या भिंतीला. पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंत नको, न्हाणीघराची नको, टाकीखालचा माळा तर नकोच. तळाचा खणही नको, कारण २००५ चा तो जुलै. आंबट वासाची रिळं याच कपाटात ठेवू नका, आणि त्यांचा डबा घट्ट बंद करू नका, आम्ल आत कोंडतं.

फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. माझी तिसरी प्रत नेरुळला भावाकडे असते, त्याची माझ्याकडे.

दिवाळीची साफसफाई निघाली की कपाट उघडा. कसर फिरतेय का पाहा, सिलिका बदला, एखादं पाकीट उघडून वास घ्या. आंबट आला तर ते पाकीट बाहेर काढून टप्पा दोनपासून पुन्हा सुरुवात करा.